नाव विचारायचं राहिलं त्यांना

नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला. वीस वर्षं तोंडानं श्वास घेत झोपलो, घोरण्यापायी बायको हॉलमध्ये. शेवटी गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात सेप्टोप्लास्टीचं ऑपरेशन झालं. बाहेरून टाका नाही. नाकपुडीतूनच आतली वाकडी कूर्चा अन् हाड सरळ करतात.

शुद्धीवर आलो तर नाकात बोळे गच्च. घाबरून उठू लागलो, तेव्हा ‘सवकास पुता, तोंडान घे’ म्हणत रात्रभर ओठांवर ओला कापूस फिरवणाऱ्या सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू? शेजारच्या खाटेवरचे डिचोलीचे काका, तुमच्या वाट्याची अर्धी पेज मी संपवली! आणि कदंब बसमध्ये न मागता खिडकी देणारी कॉलेजची मुलगी.

काल म्हापशाच्या बाजारात सुरंगीच्या फुलांचा वास आला. खरंच आला. कोकणीत आभार मानतात तसं, देव बरें करूं.