पंप मागवण्याआधी एवढं वाच

लातूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पेरणी उरकली, आता फवारणीची घाई असणार. तू पाठवलेली जाहिरात पाहिली: सोळा लिटरचा डबल मोटर पंप, बारा व्होल्टची बॅटरी, आणि किंमत ६९९ रुपये. गड्या, अजून पैसे भरू नको. मोंढ्यात कोणत्याही दुकानात विचार, एवढ्यात असा पंप येत नाही. फेसबुकवर दिसली म्हणून जाहिरात तपासलेली असते असं समजू नको. पैसे मोजले की ती कोणालाही देता येते.

आधी साइटचा पत्ता वाच. साइटच्या नावाच्या शेवटी जे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ असतं, त्याच्या अगदी आधीचा शब्द म्हणजे खरा मालक. मोठ्या कंपनीचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला कोणीही चिकटवू शकतं. कुलपाच्या चिन्हावरही जाऊ नको. तुझा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं मधे कोणी वाचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसतंच. मग पानाच्या तळाशी जा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावंच लागतं. नुसता व्हॉट्सअॅप नंबर असेल तर तिथून परत फिर.

‘माल हातात आल्यावर पैसे’ म्हणजे धोका नाही, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. तसं नाही. खोका फोडण्याआधीच पैसे द्यावे लागतात, ते कुरिअरमार्फत विक्रेत्याकडे जातात आणि आत चिंध्या निघाल्या तरी डिलिव्हरीवाला ते परत देऊ शकत नाही. म्हणून समोर खोका उघडून देण्याची सोय असेल तर तीच निवड. नसेल तर खोका फोडताना न थांबवता व्हिडिओ काढ. सुरुवात चिकटवलेल्या पत्त्याच्या लेबलपासून कर. मधे तोडलेला व्हिडिओ विक्रेते मान्य करत नाहीत.

यूपीआयनं देणार असशील तर पिन टाकण्याआधी पडद्यावर आलेलं नाव बघ. ते बिलावरच्या दुकानाचं नसून कुण्या माणसाचं असेल तर थांब. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, ‘रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा घ्यायलाच बसलेला असतो. आणि एक कळकळीनं सांगतो: सोयाबीनचे पैसे ज्या खात्यात पडतात ते खातं यूपीआयला जोडूच नको. दुसरं खातं काढ, त्यात दोन-तीन हजार ठेव आणि खरेदी तिथूनच कर. कितीही काळजी घेतली तरी चूक होते. तेव्हा जाईल ते तेवढंच जाईल.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते पार्सल वाटेत असताना. फोन येतो, ‘पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा’, सोबत लिंक. ती कार्डाची माहिती मागते किंवा एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये परस्पर अॅप बसवणारी फाइल, उतरवते. तसली फाइल एकदा बसली की तुझे मेसेज, म्हणजे ओटीपीही, त्यांना दिसतात. दुसरा प्रकार याहून साधा: ‘डिलिव्हरी बॉयशी बोलायला *२१* लावून हा नंबर डायल करा.’ त्यानं तुझे कॉल त्यांच्याकडे वळतात. मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी त्यांच्या कानात पडतो आणि तुझं व्हॉट्सअॅपही जातं. चुकून केलंस तर ##००२# डायल कर, वळवलेलं सगळं रद्द होतं. पार्सलची चौकशी ज्या अॅपवरून मागवलं त्याच अॅपमध्ये करायची. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नको, तिथं खोटे नंबर पेरलेले असतात.

पैसे गेलेच, तर लाजत बसू नको, घरी काय सांगू याचा विचारही नंतर. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव. बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ ठेव. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी गोठवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. त्याच वेळी बँकेलाही कळव आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक तुझीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर भुर्दंड तुझ्यावर येत नाही. ओटीपी तूच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुझं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. माल खराब निघाला आणि दुकान दाद देत नसेल, तर त्याला वेगळा नंबर आहे, १९१५, ग्राहक हेल्पलाइन.

पंप आला की आधी साधं पाणी भरून चालव. नोझल, झाकण, पाइपाचा सांधा गळतो का बघ, बॅटरी पूर्ण चार्ज करून किती वेळ टिकते ते मोज. औषध एकदा भरलं की वापरलेला पंप कोणी परत घेत नाही.

दुसरी लिंक सापडली तर विक्रेत्याच्या नावासकट पाठव, बघून सांगतो. आईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
सुरेश