वजन वजा करूनही उरलेले

सांगली,
6 जुलै 2021

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार लिहू, की थेट भांडायला लागू? परवा फोनवर मी तोंड उघडलं की तू "तुला नाही कळायचं" म्हणत होतीस. म्हणून पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही.

तुमच्या घरच्या ग्रुपवरचा तो निरोप वाचला. 'पीसीओडीवाल्या बायकांना कोरोना आधी गाठतो', खाली जोडलेले हात. पीसीओडी, म्हणजे आपल्या दोघींचं ते हार्मोन बिघडून पाळी चुकणं; अभ्यासवाले त्यालाच पीसीओएस म्हणतात. हसून सोडून देणार होते, पण कुठेतरी थोडं खरं असावं असं वाटलं, म्हणून लॅबमधून आल्यावर मूळ अभ्यास शोधला. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या मंडळींचा आहे, यंदाच युरोपियन जर्नल ऑफ एंडोक्रिनॉलॉजीमध्ये छापून आलाय. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींतून त्यांनी पीसीओएस असलेल्या 21,292 बायका काढल्या आणि नसलेल्या 78,310. मग 31 जानेवारी ते 22 जुलै 2020 या काळात कोणाकोणाला कोरोना झाला ते मोजलं. फक्त वयाचा फरक हिशेबात धरला, तर आपल्या बाजूला 51 टक्के जास्त.

थांब, लगेच देव पाण्यात घालू नकोस. टक्क्यांनी माणूस उगाच भेदरतो. तिथल्याच आकड्यांवरून बघ, हजार बायकांवर वर्षभर नजर ठेवली असती तर आपल्यातल्या अठरा आणि बाकीच्यांतल्या बारा. सहा जास्त. आहेतच जास्त, पण तू पंधरा महिने कडी लावून बसावंस इतक्या नाहीत.

पुढचं मात्र मी दोनदा वाचलं. वजन, साखर, रक्तदाब सगळं हिशेबात धरून त्यांनी पुन्हा मांडणी केली, तर 51 चे 28 झाले. शून्य नाही झालं! सुमे, आठवतंय ना, अकरावीपासून आपण दोघींनी प्रत्येक दवाखान्यात एकच ऐकलं. तीन महिने पाळी नाही? वजन कमी करा. हनुवटीवर केस? वजन कमी करा. मानेवरचा काळपटपणा मळ समजून आई दगडाने घासायची, साल निघेपर्यंत. आणि इथे कुणीतरी वजन बाजूला काढून दाखवलं की तरीही काहीतरी उरतंय. लाज वाटते सांगायला, पण मला त्या 28 टक्क्यांचा जवळजवळ आनंदच झाला.

अर्थात लॅबवालीला खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दिवसांत तिकडे टेस्ट सहज होत नव्हत्या, त्यामुळे डॉक्टरला नुसता संशय आला तरी नोंद धरलीय. आणि आपल्यासारखी बाई मुळातच डॉक्टरची पायरी जास्त चढते, तर वहीत तिचं नाव जास्त वेळा लागायचंच. शिवाय त्यांनी लागण मोजलीय, ऑक्सिजन कुणाला लागला ते नाही.

का होत असेल, याचे तर्क आहेत. हा विषाणू पेशीत शिरताना आपल्याच शरीरातल्या एका प्रथिनाची मदत घेतो, आणि ते प्रथिन पुरुषी हार्मोनवर वाढतं. ते हार्मोन आपल्यात जरा जास्तच. पण मला इन्शुलिनची बाजू जास्त पटते. घरातल्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडतो आणि दचकते ती शेजारीण, तसं आहे ते. स्नायूंना इन्शुलिनची हाक नीट ऐकू जात नाही, स्वादुपिंड ओरडतं, आणि अंडाशयाचे कान शाबूत असल्यामुळे ते दचकून आणखी पुरुषी हार्मोन बनवतं. पाळी चुकते ती यातूनच, आणि मानेवरचा तो काळपटपणाही या जास्तीच्या इन्शुलिनचाच. अशी वर्षं गेली की साखर वर सरकते, आणि साखर वाढलेल्याला कोरोना जड जातो हे तर या एप्रिल-मेमध्ये मी रोज रिपोर्टांवर पाहिलंय.

म्हणून माझा राग त्या निरोपावर नाही, तुझ्यावर आहे. कोरोनाच्या भीतीने तुझं चालणं बंद झालं, दुपारची झोप सुरू झाली, सासूबाई प्रेमाने शिरा करतात आणि तू खातेस. शेवटची साखर कधी तपासलीस? एचबीएवनसी करून घे. उपाशीपोटी जायची गरज नाही, तीन महिन्यांचं कळतं.

उद्या लागण झालीच, तर दोन गोष्टी लक्षात ठेव. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइड आणून दुसऱ्याच दिवशी सुरू करायचं नाही. ऑक्सिजन लागलेल्यांसाठी ते औषध आहे, आपली साखर मात्र ते भडकवतं. काळी बुरशी झालेल्यांत साखरवाले किती होते, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. आणि पाळीच्या त्या गोळ्या घेत असशील तर डॉक्टरला आधी सांग. त्या गर्भनिरोधकच असतात, त्यांनी रक्त गोठायचा धोका थोडा वाढतो आणि कोरोनानेही वाढतो. मेटफॉर्मिन, ती साखरेची गोळी, मनाने बंद करू नकोस. उलट्या-जुलाब फार झाले तर मात्र डॉक्टरला विचार.

राहिली लस. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस घ्यायची नाही, हे खोटं आहे. एप्रिलमध्येच सरकारने तसं जाहीर केलंय. आणि तुझी पाळी कधी येणार हे तुलाच माहीत नसतं, तर पाच दिवस मोजणार कुठून? मी लॅबवाली म्हणून फेब्रुवारीत पहिला आणि मार्चमध्ये दुसरा डोस घेतला. एक दिवस कणकण आली. त्या महिन्यात पाळी नऊ दिवस उशिरा आली, पण आजवर कधी वेळेवर आली होती गं? 21 जूनपासून अठराच्या पुढच्यांना सरकारी केंद्रावर फुकट आहे. ॲपवर जागा दाखवत नाही म्हणून फोन आपटू नकोस, सकाळी लवकर केंद्रावर जा. भावोजींना रांगेत उभं कर, तू पिशवीत बिस्किटं आणि पाण्याची बाटली घेऊन पाठोपाठ ये.

आईची तब्येत बरी आहे. तिच्या मानेवर पण तोच काळपटपणा आहे, हे मला या महिन्यात पहिल्यांदा दिसलं. साखर काढली तिची. काढायला नको होती असं क्षणभर वाटलं.

तुझी,
नंदा

ता. क. बेदाण्याचा डबा एसटीने पाठवतेय. तुला नाही, सासूबाईंना.