आम्हाला उठू द्या : कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी धायरीहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जाते. जायला दीड तास, यायला दीड तास, पावसाळ्यात त्याहून जास्त. मधले नऊ तास खुर्चीत. रात्री मोजे काढते तेव्हा रबराचा वळ नडगीत इतका रुतलेला असतो की त्यावरून बोट फिरवलं तर खाच लागते. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. म्हणाले, दर तासाला उठा, चार पावलं चाला.

दुसऱ्या दिवसापासून उठायला लागले. आठवड्याभरात टीम लीडने मला एक तक्ता दाखवला. जागेवर नसलेल्या मिनिटांची बेरीज, लाल रंगात. माणूस वाईट नाही, त्यालाही वरून तोच तक्ता येतो. मी पुन्हा बसून राहायला लागले.

माझे वडील गवंडी होते. पोरीला सावलीत, पंख्याखाली बसून काम मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते मिळालं, आणि त्या बसण्यानेच माझे पाय सुजतात, हे त्यांना सांगायला जीभ रेटत नाही.

मंत्रिमहोदय, सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना अधिनियमातले बदल मंजूर केले. 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी रोजचे तास 9 वरून 10. त्याची चर्चा खूप झाली. पण मधली सुट्टी न घेता सलग काम करण्याची मर्यादाही 5 तासांवरून 6 वर गेली, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. बैठं काम करणाऱ्याला हा एक तास फार महाग पडतो.

संध्याकाळी चालायला जा, असं सगळे सांगतात. 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये 10 लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरचा अभ्यास आला. दिवसाला 8 तासांहून जास्त बसण्यामुळे अकाली मृत्यूचा जो धोका वाढतो, तो भरून काढायला रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम व्यायाम लागतो, असं त्यात निघालं. नव्या मर्यादेप्रमाणे दहा तास काम, तीन तास बस, मग स्वयंपाक, मुलाचा अभ्यास. ही 75 मिनिटं मी कुठून आणू? झोपेतूनच ना?

केरळने 2018 मध्ये कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला. दिवसभर उभं राहून साड्या दाखवणाऱ्या बायकांनी तो लढून मिळवला. लक्ष्मी रोडवरच्या आमच्या बहिणींनाही तो मिळायलाच हवा. त्यांना बसू द्या, आम्हाला उठू द्या. शरीराला दोन्ही लागतं, आणि सरकारने मनावर घेतलं तर ते कायद्यात लिहिता येतं, हे केरळने दाखवलं आहे.

म्हणून विनंती करते : मधल्या सुट्टीशिवाय सलग कामाची मर्यादा पुन्हा 5 तासांवर आणा. बैठ्या कामात दर तासाला पाच मिनिटं जागेवरून उठायची मुभा नियमात लिहा, आणि ती मिनिटं कुणाच्याही पगारातून किंवा कामगिरीच्या गुणांतून कापली जाणार नाहीत, हेही त्यातच लिहा. नुसतं सल्लापत्रक काढू नका. तसली पत्रकं आमच्या कँटीनच्या भिंतीवर आधीच लावलेली आहेत, आणि ती वाचायला थांबलेली मिनिटंसुद्धा त्या लाल बेरजेत जातात.

आपली,
एक कर्मचारी
धायरी, पुणे