गिट शिकवा, पण मर्जसकट

महोदय,

यंदा एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. चौघांचा गट. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) वापरलेत का, विचारल्यावर "हो मॅडम" आले. उघडून पाहिले तर सबंध वर्षात एकच कमिट (जतन केलेल्या बदलाची नोंद), तोही आदल्या रात्रीचा. चौघांचे कोड एकाने व्हॉट्सॲपवरून गोळा करून हाताने जोडले होते. मी मुलांना दोष देत नाही. दोघांचे काम एकत्र कसे आणायचे, म्हणजे मर्ज कसे करायचे, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नेलसाठी (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) गिट लिहिले, ते तर नेमके याच कामासाठी!

नोकरीत नवी असताना मी बिलाच्या एका फंक्शनमध्ये (ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) रक्कम रुपयांऐवजी पैशांत घ्यायचा बदल केला. ती ब्रँच, म्हणजे कोडची माझी वेगळी शाखा, तीन आठवडे माझ्यापाशीच राहिली. तेवढ्यात एका सहकाऱ्याने दुसऱ्या फाइलमधून त्याच फंक्शनला रुपयांत रक्कम पाठवली आणि ते सगळ्यांच्या सामाईक मेन ब्रँचमध्ये गेले. माझी ब्रँच मर्ज केली, एकही कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकाच जागी आदळल्याची गिटची सूचना) आला नाही. गिटला ओळी कळतात, रुपये-पैसे कळत नाहीत. १५०० रुपयांचे बिल १५ रुपयांचे होऊन ग्राहकाच्या हाती पडले.

तेव्हापासून रोज सकाळी मेनमधले बदल आधी माझ्या ब्रँचमध्ये घेते, टेस्ट चालवते, मगच पुढचे काम. दोन-तीन दिवसांत ब्रँच मर्ज करून टाकते. कॉन्फ्लिक्ट आला तर नुसते स्वतःचे ठेवून मोकळी होत नाही. ती ओळ ज्याने लिहिली त्याच्या टेबलाशी जाऊन विचारते. 'डिफ-थ्री'ची सेटिंग लावली की दोघांच्या बदलांच्या मध्ये मूळची ओळही दिसते, त्याने निम्मा गुंता सुटतो. आणि फारच घोळ झाला तर 'मर्ज अबॉर्ट' करून मागे येता येते. हे ठाऊक नसल्यामुळेच मुले मर्जला घाबरतात.

प्रकल्पाचे गुण देताना कमिटचा इतिहास बघावा, एवढे विद्यापीठांनी करावे. प्रयोगशाळेत दोघांना एकाच फाइलची एकच ओळ बदलायला लावून कॉन्फ्लिक्ट मुद्दाम घडवावा आणि त्यांच्याकडूनच सोडवून घ्यावा. तासाभराचे काम आहे. पुण्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाने बोलावले तर शनिवारी येऊन मी हा तास विनामूल्य घेईन.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, कोथरूड, पुणे