बंड्याला, लिफ्टमधून उतरल्यावर

बंड्या,

सहा महिने फोन नाही आणि आज एकदम एवढं लांबलचक पत्र, तुला वाटेल याला पैसे हवेत. नाही रे. तब्येत ठीक, घरचे ठीक, पाठ अधूनमधून दुखते. काल लिफ्टमध्ये जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगितलं तर नुसतं हसतील. तू पण हसशीलच, पण तुला कळेल तरी.

जायचं होतं आठव्या मजल्यावर. सध्या बातम्यांत तो नवीन व्हायरस आहेच, आणि दुसऱ्यावर एक आजोबा आत आले आणि खोकले. एकदाच, घसा साफ करतात ना तसं. मी तिसऱ्यावर उतरलो, वर "आला माझा मजला" असं त्यांना उगाच सांगितलं. मग पाच मजले जिन्याने. पोचेपर्यंत धाप लागली आणि धाप लागली म्हणून अजून घाबरलो. घरी थर्मामीटर, 98.4. पाच मिनिटांनी 98.6. पाणी पिऊन परत लावला तर 97.9, म्हटलं हा थर्मामीटरच बिघडलाय. आणि त्याच सकाळी मी गाडी चालवून आलो होतो, हेल्मेट हँडलला लटकवून! बायको म्हणाली, व्हायरस डोक्यातून शिरत नाही म्हणून, नाहीतर हेल्मेट घालून झोपला असतास.

हे काही माझं एकट्याचं नाही म्हणे. पॉल स्लोविक म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहे, त्याने 1987 मध्येच लिहिलंय की आपण नुसता मेलेल्यांचा आकडा बघून घाबरत नाही, ती गोष्ट किती भयंकर वाटते आणि किती अनोळखी आहे त्यावर भीती ठरते. गाडी रोजची, हँडल माझ्या हातात, म्हणून जगात वर्षाला जवळपास 12 लाख माणसं रस्त्यावर मरतात तरी मी शीळ घालत जातो. आणि हा नवीन व्हायरस, ना चेहरा ना नीट नाव, बातमीत रोज तोच हॉस्पिटलचा एक व्हिडिओ, तो दहादा बघितला की दहा पेशंट बघितल्यासारखं वाटतं.

पण एवढ्यावरच असतं तर मी तुला लिहिलं नसतं. मला जानेवारी 2020 आठवतोय, कोरोनाच्या सुरुवातीचा. तू मास्कचा बॉक्स घेऊन आलेलास आणि मी तुझी कसली उडवली होती, सगळ्यांसमोर. साध्या फ्लूने दरवर्षी 2.9 ते 6.5 लाख माणसं जातात, सार्सच्या साथीत सगळी मिळून 774 गेली, आणि हा बघा मास्क वाटतोय. टाळ्या मिळाल्या. आकडे बरोबर होते रे, आजही बरोबर आहेत. तू फक्त म्हणालास, आकडा नको बघू, तो वाढतोय कसा ते बघ. मी म्हटलं, तुला गणितात किती होते ते सांगू का.

(सांगतोच. तुला माझ्यापेक्षा दोन जास्त होते. झालं समाधान?)

शेजाऱ्याचा अपघात झाला म्हणून माझा होत नाही. पण व्हायरस एकाकडून दुसऱ्याकडे जातो, 100 पेशंट दर तीन दिवसांनी दुप्पट होत राहिले तर महिन्याभरात 1,02,400. एवढी साधी गोष्ट मला हसण्याच्या नादात दिसली नाही. अर्थात माझ्याकडे 2009 होतं ना, स्वाइन फ्लूचं. सुरुवातीला मोजले जायचे ते हॉस्पिटलपर्यंत पोचलेले, घरात तापून बरे झालेले कोण मोजतंय, त्यामुळे मृत्यूदर जबरदस्त दिसला आणि नंतर उतरला. तेव्हा मी घाबरलो होतो आणि तू हसला होतास, हे विसरू नकोस.

म्हणजे एकदा घाबरून चुकलो, एकदा हसून चुकलो. आता लिफ्टमधून उतरलो ते व्हायरसला भिऊन, का परत तुझ्यासमोर तोंडघशी पडायला नको म्हणून, हेच मला कळत नाहीये. या व्हायरसचं अजून धड काही कळलेलं नाही. खरे पेशंट किती, लक्षणं दिसायच्या आधीच पसरतो का, काही नाही. ऑफिसात एक जण रोज "फ्लूने जास्त मरतात" म्हणतो आणि मला त्याचा गळा धरावासा वाटतो. गळा माझाच आहे तो.

आजोबांचं वाईट वाटतंय. मी उतरताना त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

बाकी तुझं काय, नोकरी बदललीस का तीच, काकूंचा गुडघा कसा आहे, पोराचं अ‍ॅडमिशन झालं का, सगळं सविस्तर कळव. आणि जानेवारीत रात्री मी ग्रुपवर टाकलेला तो फ्लूचा मेसेज तू जपून ठेवलायस, नाही म्हणू नकोस, मी तुला ओळखतो. पाठव एकदा. परत वाचायचाय.

तुझा,
पक्या