बजेटमधला टीव्ही घेताना पाटी नको, पॅनेल पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत सगळ्याच वर्तमानपत्रांत टीव्हीच्या पानभर जाहिराती येतात. ‘५५ इंच ४के क्यूएलईडी’, किंमत आणि महिन्याचा हप्ता एवढंच त्यांत ठळक असतं. मॉडेल क्रमांक बहुधा नसतोच, असला तर मुंगीएवढ्या अक्षरांत. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन टीव्हींत पाच-सहा हजारांचा फरक दिसतो, तो पॅनेल (चित्र उमटवणारा पडदा), प्रोसेसर, मेमरी आणि उजेडाचा असतो, आणि मॉडेल क्रमांकाशिवाय तो शोधायला गिऱ्हाइकाकडे दुसरा मार्ग नाही. टीव्हीच्या जाहिरातीत पूर्ण मॉडेल क्रमांक सहज वाचता येईल असा छापावा, हा आग्रह वर्तमानपत्रांनी धरावा अशी आमची विनंती आहे. तोवर दहा ते तीस हजारांत टीव्ही घेणाऱ्यांनी काय तपासावं, हे टीव्ही विक्री-दुरुस्तीच्या धंद्यातली माणसं म्हणून लिहीत आहोत.

दुकानात जाण्याआधी घरी एवढं ठरवा, की या टीव्हीवर रोज लागणार काय? डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या आणि केबलच्या स्वस्त पॅकेजमधल्या वाहिन्या साध्या एसडी दर्जाच्या असतात. त्या चित्रात ७२० बाय ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. याचा अर्थ, चित्रातला एक ठिपका पडद्याच्या वीस ठिपक्यांवर पसरावा लागतो. मधली जागा टीव्हीचा प्रोसेसर अंदाजाने भरतो, आणि स्वस्त ४के टीव्हीत कंपनीने हात आखडता घेतलेला असतो तो नेमका याच प्रोसेसरवर. मग चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात, खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांना दाते पडतात, आणि ‘नव्या टीव्हीपेक्षा जुनाच बरा होता’ ही तक्रार येते. टीव्हीत दोष नसतो, निवड चुकलेली असते. ज्या घरात एसडी वाहिन्याच चालणार, तिथे ३२ इंची एचडी रेडी पुरे. त्याचे ठिपके साडेदहा लाख, त्यामुळे चित्र फार ताणलं जात नाही. अगदीच मोठा हवा असेल तर ४३ इंचांवर थांबा.

झी मराठी, कलर्स मराठी, स्टार प्रवाह या वाहिन्या एचडीतही आहेत. डिश किंवा केबलचा एचडी बॉक्स आणि एचडी पॅक घेतला असेल तर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा फुल एचडी पडदा त्यांना पुरतो. मात्र बॉक्समधून टीव्हीला जाणारी वायर एचडीएमआय हवी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी एव्ही वायर तशीच लावून एचडीचे पैसे भरणारी घरं आजही पुष्कळ आहेत. त्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. वायर बदलली की बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८० आणि पडद्याचा आकार १६:९ आहे ना, ते बघा. माणसं आडवी पसरलेली किंवा पट्टीतली कडेची अक्षरं कापलेली दिसत असतील तर गडबड इथेच असते.

ओटीटीचं गणित वेगळं. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही, १९९ मध्ये ७२० (साधं एचडी), ४९९ मध्ये १०८० (फुल एचडी) आणि ६४९ मध्ये ४के चित्र मिळतं. ४के साठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सांगते, फुल एचडीसाठी ५. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ४के मध्ये तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. वरचा प्लॅन घ्यायचा नसेल आणि घरात ब्रॉडबँड नसेल, तर ४के पडद्यासाठी मोजलेले पैसे बऱ्याच अंशी वाया जातात.

आता टेप घ्या आणि बसण्याच्या जागेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण साडेपाच फुटांच्या पुढून सुटे दिसत नाहीत, ५५ इंचीचे सात फुटांच्या पुढून. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा आणि टीव्ही समोरासमोरच्या भिंतींना असतील, तर डोळा आठ-नऊ फुटांवर असतो. तिथून ४३ इंचावर फुल एचडी आणि ४के यांत ठिपक्यांचा फरक डोळ्याला कळणार नाही. तरीही ४३ इंचीत किंमत दोन-तीन हजारांनीच वर जात असेल तर चांगल्या कंपनीचा ४के घ्या, असं आम्ही सांगतो. कारण त्या आकारात बरं पॅनेल आणि बरा प्रोसेसर कंपन्या आता ४के मालिकेतच देतात. पण अनोळखी नावाचा ५५ इंची ४के आणि नावाजलेल्या कंपनीचा ४३ इंची एकाच किमतीत मिळत असतील, तर बेधडक ४३ इंची उचला.

पॅनेल दोन जातींचं असतं, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसवर बाजूने पाहिलं तरी रंग टिकतात, पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. व्हीएवर काळा रंग गडद येतो, पण कडेला बसलेल्याला चेहरे फिके, धुवट दिसतात. लांबट हॉलमध्ये कोणी खाटेवर, कोणी जमिनीवर, कोणी स्वयंपाकघराच्या दारात बसून पाहत असेल तर आयपीएस. दोघं-तिघं समोर बसून रात्री सिनेमा पाहणार असतील तर व्हीए. विक्रेत्याला जात सांगता आली नाही तरी बिघडत नाही. चित्रात माणसाचा चेहरा असताना पडद्याच्या कडेला जाऊन तिरकं पाहा, कळतं. दुकानात टीव्ही ‘व्हिविड’ मोडवर असतो आणि त्यावर कंपनीचं ४के चित्र फिरत असतं. त्यावर तर कोणताही टीव्ही चांगलाच दिसतो. मोड ‘स्टँडर्ड’ करायला सांगा, एखादी साधी मराठी वाहिनी लावायला सांगा, नाहीतर घरचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन जा.

पाटीवरच्या शब्दांबद्दल थोडं. क्यूएलईडी म्हणजे मागून उजेड पडणाऱ्या एलसीडी पडद्यातच रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर; प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणाऱ्या महागड्या ओएलईडी पडद्याशी त्याचा संबंध नाही. एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक ठळक दाखवणारं चित्र, दाखवायचं तर पडद्याला भरपूर उजेड लागतो. २५०-३०० निट्सच्या (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) बजेट टीव्हीवर ‘एचडीआर १०’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की तो सिग्नल टीव्ही स्वीकारतो. ‘मोशन रेट १२०’ म्हणजे १२० हर्ट्झचं, सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं पॅनेल नव्हे. या किमतीत पॅनेल बहुतेक ६० हर्ट्झचंच असतं आणि मालिका-क्रिकेटला ते चालतं. चित्र नितळ करणारी सोय क्रिकेटच्या वेळी कमी ठेवा, नाहीतर चेंडूभोवती धुरकट कडा दिसते. या तीन शब्दांसाठी ज्यादा पैसे देऊ नका.

दुरुस्तीला सगळ्यात जास्त येतात ते बॅकलाइट गेलेले टीव्ही, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगतो. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीतले दिवे एका ओळीत, सीरिजमध्ये जोडलेले असतात. एक दिवा उडाला की सगळी ओळ विझते, आणि बऱ्याच टीव्हींत सर्किट लगेच उरलेला उजेडही बंद करतं. आवाज येतो, चित्र दिसत नाही. खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च तिरका धरा. चित्र अंधुक हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, पट्ट्या गेल्या आहेत. असा टीव्ही भंगारात देऊ नका, पट्ट्या बदलणं नव्या पॅनेलच्या मानाने खूप स्वस्त पडतं. उडालेला एकच दिवा बदलून घेऊ नका. बाकीचेही तेवढेच तापलेले असतात आणि काही महिन्यांत दुसरा जातो. पूर्ण संच बदला. या कामात पॅनेल उचलून बाजूला ठेवावं लागतं आणि नवशिक्याच्या हातून ते तिथेच तडकतं, म्हणून पॅनेल फुटलं तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवून घ्या.

पट्ट्या जातात त्या उष्णतेने. कारखान्यातून टीव्ही येतो तेव्हा बॅकलाइट बहुधा ९०-१०० वर असतो. घरी आल्या दिवशीच तो ५०-६० वर आणा. रात्रीच्या खोलीत तेवढा भरपूर होतो, वीजही वाचते. काही टीव्हींत ‘ब्राइटनेस’ कमी केल्याने काळा रंग बिघडतो आणि पट्ट्यांवरचा ताण तसाच राहतो. तुम्हाला ‘बॅकलाइट’ या नावाचं वेगळं सेटिंग शोधायचं आहे. भिंतीच्या कोनाड्यात टीव्ही बसवणार असाल तर चारही बाजूंना निदान चार बोटं हवा खेळू द्या.

स्मार्ट टीव्हीत मेमरी बघा. १ जीबी रॅमचा टीव्ही दोन-तीन वर्षांत ॲप उघडताना रखडायला लागतो, २ जीबी असावी. काही स्वस्त टीव्हींत गूगलची मान्यता नसलेलं साधं अँड्रॉइड भरलेलं असतं. खोक्यावर ‘अँड्रॉइड’ लिहिलेलं असतं, पण त्यात नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओ नीट एचडीत चालत नाही. गूगल टीव्ही, फायर टीव्ही, वेबओएस, टायझन किंवा विडा, यांपैकी काय आहे ते विचारा आणि दुकानातच ॲप उघडून दाखवायला लावा. घरातल्या जुन्या टीव्हीचं चित्र ठीक असेल आणि फक्त ओटीटी हवं असेल, तर एचडीएमआयला लावायची स्टिक घ्या, काम भागतं. नव्या टीव्हीला एचडीएमआयचे निदान तीन पोर्ट असावेत आणि त्यातला एक एआरसीचा असावा, म्हणजे पुढे साउंडबार लावता येतो. बारीक टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, त्यामुळे संवाद दबतात.

गावाकडच्या वाचकांसाठी विजेचं. टीव्हीच्या मागच्या पाटीवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर कमी व्होल्टेजसाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. धोका जास्त व्होल्टेजचा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं आणि पॉवर बोर्ड क्षणात जातो. साधा स्पाइक गार्ड त्यात स्वतःच जळतो, म्हणून व्होल्टेज चढताच लाइन तोडणारं उपकरण लावा. घरातलं अर्थिंगही तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर केबलच्या वायरीला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि अशा वेळी चालू टीव्हीत एचडीएमआय वायर घातली तर पोर्ट जळू शकतो. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बटणावर बंद करूनच वायर लावायची सवय ठेवा. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लगबरोबर डिशच्या छत्रीची वायर आणि इंटरनेटची वायरही काढा. प्लग काढून वायर तशीच ठेवलेल्या घरांत वीज त्याच वाटेने आत येते.

टीव्ही घरी आला की कंपनीचा माणूस येईपर्यंत खोका फोडू नका. ऑनलाइन घेतला असेल तर मात्र ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी, म्हणजे आणणाऱ्याने खोका तुमच्यासमोर उघडून दाखवणं, मागा, खोका उघडतानाचा व्हिडिओ करा, आणि नेताना-आणताना टीव्ही उभाच ठेवा. तडकलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. चालू केल्यावर लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पूर्ण पडदाभर रंग लावून पाहा. मेलेले ठिपके आणि कोपऱ्यातले डाग त्यात लगेच दिसतात. पुढे कधीही पडद्यावर पाणी किंवा काच पुसायचा स्प्रे मारू नका. थेंब ओघळून खालच्या कडेत जातात, तिथे पडद्याला चिकटवलेल्या बारीक फितींवर चिप असतात. ओल लागली की पडद्यावर रेघा येतात किंवा चित्रच जातं, आणि हेही वॉरंटीबाहेर. कोरडं मऊ मायक्रोफायबर कापड पुरे.

पैशांचं बोलताना एक हिशोब माहीत असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. पूर्वी करासह ३० हजारांचा टीव्ही त्यामुळे सुमारे २७ हजार ६५० ला यायला हवा. ३२ इंचीवर आधीपासून १८ टक्केच होता, तेव्हा त्यावर ‘जीएसटी कपातीची खास सूट’ कोणी सांगत असेल तर त्यात तथ्य नाही. बिनव्याजी हप्त्यांत प्रोसेसिंग फी धरा, आणि रोख दिले तर किती कमी होतील ते विचारा. वॉल माउंट आणि बसवण्याची मजुरी किमतीत आहे का, हेही.

बिल जीएसटीचं हवं, त्यावर पूर्ण मॉडेल आणि सिरीयल क्रमांक हवा. मागच्या पाटीवरचा ‘आर-’ने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. तो तिथे सापडलाच नाही किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर टीव्ही परत करा; उत्पादकाचं नाव मात्र ब्रँडपेक्षा वेगळं असू शकतं. वाढीव वॉरंटी घेण्याआधी ‘पॅनेल’मध्ये बॅकलाइटच्या पट्ट्या धरल्या आहेत का, ते लेखी घ्या, कारण नेमक्या त्याच वगळलेल्या असू शकतात. सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्यात आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी, याचा फोन टीव्ही घेण्यापूर्वी करा. आणि वॉरंटीत असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर बिल हाताशी ठेवून तक्रार नोंदवा.

आपले,
टीव्ही विक्री व दुरुस्ती व्यवसायातील काही तंत्रज्ञ