शिशाच्या रंगाचे नियम कागदावरच

महोदय,
अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत शिसे मिसळलेला रंग असू शकतो; तिथे दुरुस्ती करताना शिशाची धूळ रोखण्याचे नियम २०१० पासून लागू आहेत. पण काम सुरू असताना तपासनीस क्वचितच येतो. मोबदला घेऊन एका खोलीत ६ चौरस फुटांहून जास्त रंगवलेला भाग उखडायचा असेल, तर ठेकेदार प्रमाणित हवा. खिडकी बदलताना तर क्षेत्रफळाची सूटही नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. झडप चौकटीवर घासून रंगाची धूळ तिथे सतत साठते. कामाच्या कडेपासून ६ फुटांपर्यंत प्लास्टिक अंथरायचे, हवेच्या जाळ्या झाकायच्या, रंग शक्यतो ओला करून खरवडायचा. उघडी ज्योत आणि हेपा (अतिबारीक धूळ अडवणारी गाळणी) जोडणीशिवाय यंत्राने घासणे, दोन्हींना बंदी आहे. साध्या व्हॅक्यूममधून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातावरून पोटात जाते. शिशाने होणारी मेंदूची हानी भरून येत नाही. बांधकाम परवाना देणाऱ्या कार्यालयांनी अर्जावरच प्रमाणपत्र क्रमांक मागावा. ठेकेदाराने कामाच्या नोंदी ३ वर्षे जपणे बंधनकारक आहेच. त्या न कळवता तपासाव्यात.
– एक वाचक